मुंबईतील ग्रामस्थ महिला मंडळे

ग्रामस्थ महिला मंडळ म्हणजे एकाच गावच्या, बरेचदा त्या गावातल्या एकाच वाडीच्या, पण मुंबईत राहणाऱ्या स्त्रियांची संघटना. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतल्या गावांची अशी मंडळे मुंबई, ठाणे आणि वसई-विरार पट्ट्यात मोठ्या संख्येने आढळतात. सातारा, कोल्हापूर, जुन्नर, आंबेगाव अशा घाटावरच्या भागांतल्या गावांचीही आहेत. कागदोपत्री हे मंडळ बहुधा पुरुषांच्या ‘ग्रामस्थ मंडळा’चा किंवा ‘ग्रामविकास मंडळा’चा एक विभाग असते. त्यामुळे मंडळाच्या महोत्सवी स्मरणिकेत त्याच्या वाट्याला हळदीकुंकवाचा एक फोटो आणि खाली चार ओळी येतात. हा मोठा अन्याय आहे. गावातून मुंबईत आलेल्या रुग्णाचा डबा, गावच्या देवळातली भांडी, नव्या सुनेची गावाशी ओळख, अडलेल्या घराची उसनवारी ही कामे वर्षानुवर्षे याच बायकांनी केली, आणि त्यातली फारच थोडी इतिवृत्तात नोंदली गेली.

पूर्वपीठिका

मुंबईत १८५४ साली पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत कोकणातले पुरुष बोटीने मुंबईला येऊ लागले. ते एकटेच येत. एका गावचे वीस-पंचवीस जण मिळून चाळीत एक खोली घेत आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. हीच ‘गावकीची खोली’. भाडे, दिवाबत्ती, आजारपण, गावच्या उत्सवाची वर्गणी यांचा हिशेब या खोलीत होई आणि यातूनच ग्रामस्थ मंडळे जन्मली. पुरुषांच्या या जगात बाई होती ती बहुधा खाणावळवाली. गिरण्यांत स्त्री-कामगारही होत्या, मुख्यतः वायंडिंग आणि रिळिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, पण गावकीच्या बैठकीत त्यांना जागा नव्हती.

बाकीच्या बायका गावी राहिल्या. शेती, गुरे, सासू-सासरे, सणवार, देवाची मानपानाची कामे हे सगळे त्यांनी मनिऑर्डरीवर आणि स्वतःच्या कष्टावर चालवले. या स्थलांतराची खूण जनगणनेत आजही दिसते. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६. मुंबई शहर जिल्ह्यात मात्र अवघ्या ८३२. लावणीला एकमेकींच्या शेतावर जाणे, बाळंतिणीच्या घरी पाणी भरणे, गौरीच्या रात्री फुगड्या घालणे अशा कामांतून गावातल्या बायकांचा गट मंडळ होण्याच्या आधीपासून होताच. मुंबईतल्या महिला मंडळाने ही जुनी सवय शहरात आणली. त्याचे मूळ पुरुषांच्या बैठकीपेक्षा गावातल्या या परस्परमदतीत शोधायला हवे.

मुंबईत स्त्रियांच्या संस्था त्याही आधी होत्या. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात स्थापलेल्या आर्य महिला समाजाचे काम मुंबईतही चालले; सेवासदन १९०८ साली सुरू झाले. मात्र हे शिकलेल्या, मध्यमवर्गीय घरांतल्या स्त्रियांचे जग होते. गिरणगावातल्या, म्हणजे गिरण्यांभोवतीच्या कामगार वस्तीतल्या, कुणबी, मराठा, भंडारी किंवा महार कुटुंबांतल्या बायकांशी त्याचा संबंध थोडाच आला.

चाळीतून मंडळाकडे

स्वातंत्र्यानंतर कुटुंबे मुंबईत येऊ लागली आणि लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, वरळी, डिलाईल रोड इथल्या चाळींत एका गावच्या चार-दोन तरी सुना जवळजवळ राहू लागल्या. मंडळाची वार्षिक सत्यनारायणाची पूजा हा त्यांचा पहिला सार्वजनिक प्रसंग. शंभर-दोनशे माणसांचा प्रसाद आणि जेवण करायला बायका हव्यात, म्हणून त्यांना बोलावले जाई. पुढे काही ठिकाणी त्यांनीच सांगितले की जेवण आम्ही करणार, तर खर्चाचा हिशेबही आम्हाला दिसला पाहिजे.

काळही अनुकूल होता. १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात बायकांचे लाटणे मोर्चे निघाले. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराच्या पाशात असलेल्या या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. बायकांनी सभा घेणे, पावती फाडणे, बँकेत खाते उघडणे या गोष्टी गिरणगावात डोळ्यांसमोर घडत होत्या.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरचा पगार थांबला. अनेकांनी मुलाबाळांना गावी धाडले, काही बायका घरकाम, पापड, शिवण, पोळीभाजीचे डबे यांत उतरल्या. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे बायकांना आधी कळे, आणि मूठमूठ तांदूळ गोळा करून तो गाजावाजा न करता त्या घरी पोहोचवला जाई. संपाच्या इतिहासात या मदतीची नोंद फारशी सापडत नाही. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तशी कुटुंबे नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली, बदलापूर इकडे पांगली, आणि चाळीच्या पडवीत सहज होणारी गाठभेट ठरवून घ्यायच्या सभेत बदलली.

सदस्यत्व

या मंडळांचा सगळ्यात वेगळा नियम असा, की बाई सभासद होते ती सासरच्या गावाच्या मंडळात. लग्न होऊन आलेली मुलगी आपल्या नवऱ्याच्या गावी कदाचित दोनदाच गेलेली असते. तिला वाड्या, भावक्या, मानकरी, कोणाशी बोलावे आणि कोणाशी कसे बोलावे, यातले काही ठाऊक नसते. ती हे शिकते मुंबईतल्या महिला मंडळात. थोरल्या जावा, चुलतसासवा तिला ‘अमक्याची सून’ म्हणून ओळखतात आणि हळूहळू तिच्या नावाने हाक मारू लागतात. माहेरच्या गावाच्या मंडळातही तिला बोलावणे येते, पण माहेरवाशीण म्हणून: ओटी भरून घ्यायला, बैठकीत मत द्यायला नव्हे. एका बाईची दोन गावे असतात आणि दोन्हींत तिची जागा निराळी असते, हे या मंडळांत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

मंडळे गावाची म्हटली तरी बहुधा वाडीची, म्हणजेच जातीची असतात. एकाच गावाची मराठ्यांची, कुणब्यांची, बौद्धवाडीची अशी वेगळी मंडळे मुंबईत असणे नेहमीचे आहे. बौद्धवाड्यांच्या महिला मंडळांचे वर्षही वेगळे चालते: ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, ७ फेब्रुवारीला रमाई जयंती, एप्रिलमध्ये भीमजयंती, पावसाळ्यात वर्षावासातले ग्रंथवाचन. यांपैकी अनेक मंडळांना ‘रमाई महिला मंडळ’ असेच नाव असते.

कारभार

अध्यक्षा, चिटणीस, खजिनदार आणि प्रत्येक विभागाची एक प्रतिनिधी अशी साधारण रचना असते. ‘आज रोजी’ने सुरू होणारे इतिवृत्त, सूचक आणि अनुमोदक, शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ ही सगळी शिस्त पुरुषांच्या मंडळाकडून आली. जुन्या वह्यांत कुठे सहीच्या जागी अंगठा आहे, तर पुढे त्याच बाईची थरथरत्या अक्षरातली सही. सोसायटी नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात जणींनी एकत्र येऊन स्वतंत्र नोंदणी करता येते, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० नुसार न्यास म्हणूनही. तरी बहुतेक महिला मंडळे नोंदणीकृत मुख्य मंडळाच्या नावाखालीच चालतात. याचा तोटा ठरलेला आहे: बँकेचे खाते आणि शिक्का पुरुषांकडे राहतो, आणि बायकांनी जमवलेल्या पैशासाठी बायकांनाच सही मागावी लागते.

हळदीकुंकू

मकरसंक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यानचा एखादा रविवार ठरतो. रेल्वेचा मेगाब्लॉक (रविवारी दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणे) कोणत्या मार्गावर आहे ते पाहूनच, कारण निम्म्या सभासद पश्चिम रेल्वेवर आणि निम्म्या मध्य रेल्वेवर. शाळेचा वर्ग किंवा सोसायटीचा हॉल भाड्याने घेतात. दाराशी एकजण वही घेऊन बसते, वाडीप्रमाणे नावे लिहिते, वर्गणीची पावती देते. आत हळदीकुंकू, अत्तर, तिळगूळ आणि वाण: स्टीलची डबी, गाळणी, अलीकडे कापडी पिशवी. मग उखाणे, फुगड्या, संगीतखुर्ची. वर्षातला हा एकच दिवस, जेव्हा गावच्या दीडशे-दोनशे बायका एका जागी असतात. म्हणून खरे काम इथेच होते: कोणाच्या मुलीला स्थळ पाहायचे, कोणाचा मुलगा दहावीला आहे, गणपतीला एस.टी. मंडळातर्फे ठरवायची का, भांड्यांना किती पैसे काढायचे.

याच समारंभाने विधवा स्त्रियांना वर्षानुवर्षे बाहेर ठेवले. ज्या बाईने मंडळ उभे करायला हात लावला तीच नवरा गेल्यावर दाराशी यायची थांबे, हे अनेक मंडळांनी पाहिले. काहींनी ‘तिळगूळ समारंभ’ किंवा ‘स्नेहमेळावा’ असे नाव देऊन सर्वांना समान वाण द्यायला सुरुवात केली. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथाबंदीचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले, आणि हा विषय मुंबईतल्या मंडळांच्या सभांतही मोकळेपणाने निघू लागला. सगळीकडे बदल झाला असे म्हणता येणार नाही. जिथे झाला, तिथे तो बहुधा एखाद्या ज्येष्ठ बाईने स्वतःच्या हाताने विधवा जावेला कुंकू लावल्याने झाला, नुसत्या ठरावाने नव्हे.

डबा, भिशी, भांडी

परळला केईएम रुग्णालय १९२६ पासून आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. गावात मोठे दुखणे निघाले की माणूस मुंबईला येतो, आणि त्याच्या सोबत्याची जेवणाची सोय महिला मंडळ पाहते. सोमवारी शिवडीची, मंगळवारी नायगावची अशा पाळ्या लागतात. रुग्णाला पेज, सोबत्याला भाकरी-भाजी. डब्यावर नाव लिहिलेले, कारण तो दुसऱ्या दिवशी परत यायचा असतो. रक्त लागले तर मुलांना पाठवतात. सरकारी कागदावर हे समाजकार्य कुठेच नाही.

पैशाची सोय भिशीतून होते. समजा वीस जणींनी दरमहा हजार रुपये काढले, तर चिठ्ठी निघालेल्या बाईला एकरकमी वीस हजार मिळतात. गरजवंत असेल तर चिठ्ठी न टाकता तिला आधी देतात. नाबार्डने १९९२ साली स्वयंसहाय्य गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, त्यानंतर काही मंडळांत दहा ते वीस जणींचे बचत गट निघाले. गावाकडच्या बचत गटांचे कोकम, आगळ, फणसपोळी, कुळथाचे पीठ, सांडगी मिरच्या मुंबईत विकायला या बायकांची ओळख कामी येते. शासनाच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनापर्यंत गटाला नेता आले नाही तरी मंडळाच्या संमेलनात टेबल लागते आणि माल संपतो.

गावी देवळात किंवा समाजमंदिरात मोठाली भांडी दिसतात: टोप, पराती, कढया, काविळथे, वाढपाच्या बादल्या. भांडीवाल्याने टोचून नाव घातलेले असते, ‘महिला मंडळ (मुंबई) यांजकडून’, आणि खाली साल. लग्नाकार्याला, बाराव्याला, पालखीच्या दिवशी ती वाडीतल्या कुणालाही मिळतात. पूर्वी यासाठी भाडे मोजावे लागे किंवा शेजारच्या गावातून डोक्यावरून आणावी लागत. देवळाच्या कोनशिलेवर देणगीदार पुरुषांची नावे असतात. बायकांचे नाव शोधायचे तर या टोपाच्या काठावर पाहावे.

गाव आणि मुंबई

गावी बहुधा दुसरे महिला मंडळ असते, ‘ग्रामीण’, आणि मुंबईचे ते ‘मुंबई’. दोघींचे नेहमी जमतेच असे नाही. पाणी कुठे न्यायचे, उत्सवात मान कोणाचा, यावर मुंबईकरणींनी परस्पर ठरवलेले गावच्या बायकांना रुचत नाही, आणि त्यांची बाजू पुष्कळदा बरोबर असते, कारण उन्हाळ्यात हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर ये-जा वाढली आणि हे मतभेद फोनऐवजी समोरासमोर मिटू लागले. पंचायत राज संस्थांत स्त्रियांना आधी ३३ टक्के, आणि २०११ पासून ५० टक्के आरक्षण मिळाल्यावर मंडळात सभा चालवायला शिकलेल्या काही जणी, नवऱ्याच्या निवृत्तीनंतर गावी परतल्यावर, ग्रामपंचायतीत निवडून आल्या.

२०२० च्या टाळेबंदीत चाकरमानी गावी परतू लागले तेव्हा अनेक गावांनी त्यांना शाळेत विलगीकरणात ठेवले. शाळेतल्यांना जेवण कोणी द्यायचे, कोणाच्या घरी म्हातारी एकटी आहे, हे दोन्हीकडच्या महिला मंडळांनी फोनवर ठरवले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, तेव्हा मुंबईहून गेलेल्या मदतीत साड्या, चादरी, सॅनिटरी पॅड यांचे गठ्ठे बायकांनी बांधलेले होते.

आज मुंबईत जन्मलेल्या, नोकरी करणाऱ्या सुनांना रविवारची सभा जड जाते; बराच कारभार व्हॉट्सॲप गटावर चालतो आणि खजिनदाराकडे वर्गणी यूपीआयने येते. त्याचबरोबर एक नवा प्रश्न सभांत निघतो: गावच्या लेकींचे काय? लग्न होऊन गेलेली, घटस्फोटित किंवा अविवाहित मुलगी आपल्या जन्मगावच्या मंडळाची सभासद का नाही? काही मंडळांनी नियमात ‘सून’च्या जोडीला ‘लेक’ हा शब्द घातला आहे, काहींत प्रस्ताव वर्षानुवर्षे आयत्या वेळच्या विषयांतच राहतो.