माइन्ड-आउट आणि माइनस्वीपर: सुरुंग तेच, खेळ वेगळा

माइन्ड-आउट हे माइनस्वीपर या संगणकावरच्या खेळाचंच जुनं नाव, असा समज सहज होतो. दोन्हींत सुरुंग लपलेले, दोन्हींत शेजारी किती सुरुंग आहेत ते आकडा सांगतो. पण एकात तुम्ही सुरुंग पेरलेल्या शेतात उभे असता आणि दुसऱ्यात बांधावर.

माइन्ड-आउट १९८३ चा. ब्रिटनमधल्या इयन अँड्र्यू यांनी झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी तो बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला, क्विकसिल्व्हा या कंपनीने बाजारात आणला. तळाकडून निघायचं आणि वरच्या फटीतून बाहेर पडायचं. सगळे सुरुंग हुडकायची गरजच नाही, वाट सापडली की झालं. आकडा मिळतो तो फक्त पायाखालच्या घराचा, आणि मोजली जातात चारच घरं: बुद्धिबळातला हत्ती जाईल त्या दिशांची, तिरकी नाहीत. त्यात एक गंमत आहे. ज्या घरातून आलात ते सुरक्षितच, म्हणजे आकडा ३ च्या वर जाऊच शकत नाही. ३ दिसले की आल्या पावली मागे फिरा. पुढच्या पातळ्यांवर तर एक किडा तुमची पावलं गिरवत मागे लागतो, त्यामुळे विचार करत उभं राहणंही महागात पडतं.

माइनस्वीपर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कॉम्प्युटर क्लासमध्ये, सरांची पाठ फिरली की, खेळलाय. रॉबर्ट डॉनर आणि कर्ट जॉन्सन यांचा हा खेळ १९९० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एंटरटेनमेंट पॅक या खेळांच्या संचात आला आणि १९९२ च्या विंडोज ३.१ बरोबर घरोघरी पोचला. इथे चालायचं नाही, माउसने कुठलंही घर उघडायचं. आकडा बुद्धिबळातला राजा जाईल त्या आठही घरांचा, आणि उघडलेले सगळे आकडे कायम समोर. म्हणूनच एकाचा दुसऱ्याशी ताळा घालता येतो; माझ्या मते या खेळाचं व्यसन लागतं ते त्यामुळेच. अवघड पातळीवर ४८० घरांत ९९ सुरुंग, म्हणजे ३८१ घरं न चुकता उघडायची. सुरुंग वाटतो त्या घरावर खुणेचे झेंडे लावले नाहीत तरी चालतं. मात्र शेवटी दोन घरं उरतात आणि कधीकधी तर्क थांबून छापा-काटा सुरू होतो, तेव्हा जाम चिडायला होतं.

मग माइनस्वीपर ही माइन्ड-आउटची नक्कल आहे का? अँड्र्यू यांचा दावा तसाच आहे. जॉन्सन यांच्या मते आराखडा दुसऱ्या एका खेळावरून घेतला, पण तो माइन्ड-आउट नव्हे. कुठला, ते त्यांना आठवत नाही. मधल्या काळात, १९८५ मध्ये, डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीवर रिलेंटलेस लॉजिक हा खेळ आला होता. त्यात एक सैनिक सुरुंगांमधून एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यातल्या मुख्यालयापर्यंत जातो. तोही चालण्याचाच खेळ, म्हणजे माइन्ड-आउटच्या घराण्यातला.