जागतिक रेसवॉकिंग सांघिक स्पर्धेसाठी भारतीय संघात निवड: पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रं

रेसवॉकिंग म्हणजे जलद चालण्याची शर्यत; तिच्या जागतिक सांघिक स्पर्धेचा अर्ज खेळाडूने भरायचाच नसतो. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेकडे प्रवेशिका पाठवते ती देशाची राष्ट्रीय संघटना, म्हणजे आपल्याकडे अ‍ॅथलेटिक्स फेडरेशन ऑफ इंडिया (एएफआय). 'थेट एंट्री करून देतो, एवढे पैसे भरा' असं कोणी म्हणालं तर तिथूनच नमस्कार करून निघावं. खेळाडूचे स्वतःचे अर्ज त्याच्या कितीतरी आधीचे असतात: जिल्हा संघटनेत नाव, एएफआयचा युआयडी (खेळाडूचा नोंदणी क्रमांक), राष्ट्रीय स्पर्धेची प्रवेशिका आणि पासपोर्ट. यातला एक जरी लटकला तरी चालून मिळवलेली जागा कागदापायी जाऊ शकते, म्हणून या लेखात तंत्रापेक्षा कागदांवर जास्त शाई खर्च केली आहे.

आधी स्पर्धेबद्दल

१९६१ साली स्वित्झर्लंडच्या लुगानो शहरात ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा ती लुगानो ट्रॉफी होती. पुढे ती वर्ल्ड कप झाली आणि २०१६ च्या रोम स्पर्धेपासून 'रेसवॉकिंग टीम चॅम्पियनशिप्स' हे नाव आलं. अलीकडे २०२२ मध्ये मस्कत आणि २०२४ मध्ये तुर्कस्तानातलं अंताल्या इथे ती झाली. २०२६ ची स्पर्धा १२ एप्रिलला ब्राझीलची राजधानी ब्राझीलियाला ठरली.

अंतरांबाबत जुन्या माहितीवर विसंबू नका. २० आणि ५० किलोमीटर ही जोडी वर्षानुवर्षं होती. मग ५० जाऊन ३५ आलं. १ जानेवारी २०२६ पासून वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने मोठ्यांसाठी हाफ मॅरेथॉन (२१.०९७५ किमी) आणि मॅरेथॉन (४२.१९५ किमी) ही अंतरं आणली. वीस वर्षांखालील मुलामुलींची शर्यत १० किलोमीटरचीच राहिली आहे. तुमचे प्रशिक्षक अजून ३५ किलोमीटरचं वेळापत्रक देत असतील तर त्यांच्याशी एकदा बोलून घ्या.

'सांघिक' म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण निवडीचं गणित त्यावर फिरतं. मोठ्यांच्या शर्यतीत देशाच्या पहिल्या तीन खेळाडूंच्या क्रमांकांची बेरीज होते आणि सगळ्यात कमी बेरजेचा संघ जिंकतो. एका देशाचे तिघे ५, ९ आणि १४ वे आले, तर बेरीज २८. दुसऱ्या देशाचा एक चक्क पहिला आला, पण बाकी दोघे १५ आणि १६ वे, तर बेरीज ३२. सुवर्णपदकविजेता असूनही दुसरा संघ मागे पडला. वीस वर्षांखालील गटात दोघांचे क्रमांक धरतात. पुरेसे खेळाडू शर्यत पूर्ण करू शकले नाहीत, तर संघ निकालातच येत नाही. मस्कतला भावना जाट, रवीना आणि मुनिता प्रजापती यांनी महिलांच्या २० किलोमीटरमध्ये भारताला सांघिक कांस्य मिळवून दिलं ते याच हिशेबाने. त्यामुळे देशात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर चालणाऱ्याने स्वतःला भरतीचा समजू नये. पदक ठरतं ते बहुधा तिसऱ्याच्या पायांवर.

वय आणि नागरिकत्व

वीस वर्षांखालील गटासाठी स्पर्धेच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय १६, १७, १८ किंवा १९ असावं लागतं. २०२६ साठी याचा अर्थ जन्म २००७ ते २०१० या वर्षांतला. तारीख किंवा महिन्याने गट बदलत नाही, तो वर्षावर ठरतो.

नागरिकत्वाच्या बाबतीत पळवाट नाही. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या २००८ च्या धोरणानुसार भारताकडून खेळण्यासाठी भारतीय पासपोर्ट हवा, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. अमेरिका-इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. गोव्यात याची वेगळीच तऱ्हा आहे. आजी-आजोबांच्या आधाराने पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, त्यांचं भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं. आधी दुसऱ्या देशाकडून खेळून झालं असेल, तर वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सचा देशबदलाचा नियम लागू होतो: सर्वसाधारणपणे तीन वर्षं थांबायचं, आणि वय किमान वीस.

जिल्ह्यापासून युआयडीपर्यंत

महाराष्ट्रात सुरुवात जिल्हा अ‍ॅथलेटिक्स संघटनेपासून होते. तिच्यावर महाराष्ट्र अ‍ॅथलेटिक्स असोसिएशन आणि त्यावर एएफआय. गोव्याची राज्य संघटना वेगळी आहे. एएफआयच्या ऑनलाइन नोंदणीत फोटो, आधार आणि जन्माचा पुरावा देऊन युआयडी क्रमांक मिळतो, आणि राष्ट्रीय स्पर्धेची प्रवेशिका या क्रमांकाशिवाय पुढे सरकत नाही. शुल्क पोर्टलवर दाखवलेलं असतं तेवढंच भरा आणि पावती जपून ठेवा. प्रवेशिका खेळाडूऐवजी राज्य संघटना भरते, म्हणून राज्य स्पर्धेत उतरणं आणि राज्याच्या सचिवांपर्यंत आपलं नाव पोचणं ही खेळाडूची जबाबदारी. शेवटच्या तारखेच्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर माझं नाव राहिलं' असं लिहून काहीही साधत नाही.

सैन्यदलात किंवा रेल्वेत नोकरी लागली की खेळाडू बहुधा त्या संघाकडून उतरतो. अशा वेळी आधीच्या राज्याचं ना-हरकत पत्र लागतं. ते हंगाम संपता संपता मागावं. ऐन स्पर्धेच्या तोंडावर मागितलं की दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे बोट दाखवतात आणि खेळाडू मधल्या मध्ये.

निवड नेमकी कशी होते

एएफआय चाचणी स्पर्धा जाहीर करते. चालण्याच्या शर्यतींसाठी ती बहुतेक वेळा राष्ट्रीय खुली रेसवॉकिंग स्पर्धाच असते. गेल्या काही वर्षांत ती रांची आणि चंडीगडला झाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये चंडीगडला अक्षदीप सिंगने २० किलोमीटर १ तास १९ मिनिटं ३८ सेकंदांत पूर्ण केले, तो राष्ट्रीय विक्रम ठरला. लहान गटाचा अंदाज हवा असेल तर २०२१ च्या नैरोबीतल्या जागतिक वीस वर्षांखालील स्पर्धेत अमित खत्रीने १०,००० मीटर ४२ मिनिटं १७.९४ सेकंदांत चालून रौप्य घेतलं होतं, आणि तेही सोळाशे मीटरपेक्षा जास्त उंचीवरच्या शहरात.

वेळ ग्राह्य धरली जाण्यासाठी मार्ग मोजून प्रमाणित केलेला असावा आणि पंच मान्यताप्राप्त असावेत. गावच्या मॅरेथॉनमध्ये चालून काढलेली वेळ, मोबाइलच्या अ‍ॅपमधली वेळ, कॉलेजच्या ट्रॅकवरची वेळ यांची किंमत निवडीत शून्य.

पंचांचा भागही पात्रतेइतकाच महत्त्वाचा. दोन नियम आहेत: डोळ्यांना दिसेल असा जमिनीशी संपर्क तुटता कामा नये, आणि पुढचं पाऊल टेकल्यापासून पाय शरीराखाली सरळ उभा येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. पिवळी पाटी ही सूचना असते. तिच्यावर नागमोडी रेघ असेल तर संपर्क सुटतोय, कोन असेल तर गुडघा वाकतोय. लाल कार्ड पंच थेट मुख्य पंचांकडे पाठवतो आणि ते फलकावर लागतं. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली की जिथे दंडक्षेत्राची सोय आहे तिथे आत जाऊन थांबावं लागतं: १० किलोमीटरला एक मिनिट, २० ला दोन. चौथं लाल कार्ड म्हणजे बाद. देशांतर्गत स्पर्धेत पंच जरा सैल मिळाले म्हणून खूश होऊ नये. बाहेर बाद झालेला खेळाडू संघाची बेरीजही घेऊन बुडतो.

एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या: जागा देशाची असते, माणसाची नव्हे. अंताल्यात अक्षदीप आणि प्रियांका गोस्वामी यांनी मिश्र मॅरेथॉन रिलेत भारतासाठी पॅरिस ऑलिंपिकची जागा मिळवली. पॅरिसमध्ये प्रियांकासोबत उतरला तो सूरज पंवार. सांघिक स्पर्धेतही तसंच आहे. चाचणीत चांगलं चालल्यावरसुद्धा प्रकृती, फॉर्म आणि शिबिरातली हजेरी पाहून अंतिम यादी निघते.

कागदपत्रं, आणि नावांचा घोळ

पासपोर्ट, आधार, जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका, युआयडी, फोटो आणि अठरा वर्षांखालील असल्यास पालकांचं संमतिपत्र, एवढं एका फाइलीत आणि मोबाइलमध्ये पीडीएफ करून ठेवा. यादी सोपी आहे. घोळ होतो तो नावात.

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं: 'जाधव पूजा संजय'. आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर 'पूजा संजय जाधव'. ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर नुसतं 'पूजा', आणि तेही इंग्रजीत एका ठिकाणी 'यू'ने, दुसरीकडे दोन 'ओ' लावून. पासपोर्टमध्ये आडनाव आणि दिलेलं नाव असे दोनच रकाने, त्यामुळे वडिलांचं नाव दिलेल्या नावाच्या रकान्यात घालायचं की गाळायचं हे सायबर कॅफेवाला ठरवतो. यातलं एक रूप आधी नक्की करा आणि बाकी सगळे कागद त्याच्याकडे वळवा. युआयडीवर, प्रवेशिकेवर आणि विमानाच्या तिकिटावर शेवटी पासपोर्टवरचंच नाव चालतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर हंगामाच्या मध्यात बदलाला हात घालू नका.

जुन्या आधारवर कित्येकांचं फक्त जन्मवर्ष आहे. ते पूर्ण तारखेसह दुरुस्त करून घ्या. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकायची पद्धत आपल्याला नवी नाही. ग्रामपंचायतीत खरी तारीख वेगळी निघाली तर वर्ष एकच असल्यास गट बदलत नाही, पण दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या की वयचोरीचा संशय येतो आणि फाइल अडते. जन्मनोंद झालीच नसेल तर एक वर्ष उलटून गेल्यावर दंडाधिकारी पातळीवरचा आदेश लागतो, आणि त्याला वेळ जातो.

पासपोर्टचं साधं शुल्क ३६ पानांसाठी १,५०० रुपये, तत्काळसाठी आणखी २,०००. अल्पवयीन मुलांचं १,०००, पण तो पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी असेल तोवरच चालतो. पंधरा ते अठरा वयातल्यांना दहा वर्षांचा पासपोर्ट घेता येतो. सोळाव्या वर्षी अर्ज करणाऱ्या खेळाडूने तोच घ्यावा. पाचशे रुपये वाचवून दोन वर्षांनी पुन्हा रांगेत उभं राहण्यात हशील नाही. अल्पवयीन मुलांसाठी पालकांचं अ‍ॅनेक्शर डी, म्हणजे ठरलेल्या नमुन्यातलं घोषणापत्र, लागतं. क्रीडा प्रबोधिनीच्या वसतिगृहात राहणाऱ्यांनी पत्ता जपून लिहावा: पोलीस पडताळणी सध्याच्या पत्त्यावर होते, आणि शिपाई दारात आला तेव्हा मूल शिबिराला गेलेलं असेल तर अहवाल प्रतिकूल जातो. सरकारी नोकरीत असाल तर खात्याला पूर्वसूचना दिल्याचं पत्र जोडा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी.

डोपिंग आणि वैद्यकीय अटी

राष्ट्रीय स्पर्धेत आणि शिबिरात नाडाची (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची) माणसं कधीही नमुना मागू शकतात. नोंदणीकृत चाचणी यादीत नाव आलं की दर तिमाहीला रोजचा पत्ता आणि दररोज एक तासाची वेळ कळवावी लागते. बारा महिन्यांत तीनदा चूक झाली की एकही औषध न घेता बंदी येते. गावाकडे जत्रेला गेलात तरी पत्ता बदलायचा असतो. औषध घेण्याआधी नाडाच्या 'नो युअर मेडिसिन' अ‍ॅपवर पाहा. दम्यासारख्या आजारावर बंदी असलेलं औषध घ्यावंच लागत असेल तर टीयूई, म्हणजे उपचारासाठीची सूट, आधी मंजूर करून घ्या. जिमवाल्याने दिलेला विनालेबलचा डबा आणि वैद्याची पुडी यांना अ‍ॅपमध्ये नावच नसतं, ते टाळलेलंच बरं.

महिला गटासाठी १ सप्टेंबर २०२५ पासून नवी अट आहे. जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धांसाठी एसआरवाय जनुकाची (पुरुष लिंगाशी जोडलेल्या जनुकाची) चाचणी एकदा करावी लागते, गालाच्या आतल्या भागातून किंवा रक्तातून नमुना घेऊन. ती संघटनेमार्फतच करून घ्यावी आणि अहवाल कोणाकोणाच्या हाती जाणार हे आधी विचारून घ्यावं. तो खासगी कागद आहे, प्रशिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचा नव्हे.

बुटांचीही तपासणी होते. रस्त्यावरच्या शर्यतीत तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि मॉडेल वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या मंजूर यादीतलं हवं.

निवड झाल्यावर

अधिकृत संघाचा प्रवास सहसा मंत्रालयाच्या मंजूर वार्षिक कार्यक्रमातून होतो. व्हिसाचे कागद एएफआय गोळा करते, खेळाडूने फक्त सही आणि फोटो वेळेवर द्यायचे. ब्राझीलच्या बाबतीत मात्र पिवळ्या तापाची लस विसरू नये. ब्राझीलहून परतणाऱ्याकडे भारतात प्रमाणपत्र मागतात आणि ते लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध धरतात. नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात रवानगी होऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांकडे चौकशी करावी. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्याचं पिवळं पुस्तक पासपोर्टसोबतच ठेवा.

पस्तिशी ओलांडलेल्या चालणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता आहे: मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स. तिथे वयोगट पस्तीसपासून सुरू होतात, जागतिक स्पर्धेला पात्रता वेळ लागत नाही आणि खर्च ज्याचा त्याने करायचा असतो. अर्ज मात्र तिथेही राष्ट्रीय मास्टर्स संघटनेमार्फतच जातो.