दुखवट्याच्या घरी नाताळ नसेल, आगमनकाळ असतो

नाताळ म्हणजे काय हे सांगत बसत नाही. तारा, गोठा, मध्यरात्रीची मिस्सा, शेजारीपाजारी फिरणारी फराळाची ताटं, हे वसईत ख्रिस्ती नसलेल्यांनाही पाठ आहे. घोळ होतो तो त्याआधीच्या चार रविवारांचा, म्हणजे आगमनकाळाचा, ज्याला इंग्रजीत ॲडव्हेंट म्हणतात. नोव्हेंबर संपत आला की दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "ॲडव्हेंट लागला, म्हणजे ख्रिसमस सुरू!" सुरू झालेला नसतो. नाताळ २४ डिसेंबरच्या संध्याकाळी लागतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. २६ तारखेला तारा उतरवलेली घरं पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं. सण यायच्या आधीच महिनाभर साजरा करून माणसं दमलेली असतात.

तारखा आणि रंग पटकन सांगते. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीही येतो, त्यामुळे १ डिसेंबरपासून रोज एक खिडकी उघडायची ती चॉकलेटची कॅलेंडरं त्याच्याशी क्वचितच जुळतात. धर्मगुरूंचा झगा आगमनकाळात जांभळा, नाताळात पांढरा. जांभळा दिसला म्हणून काहीजण याला ईस्टरआधीच्या उपवासकाळाचं छोटं रूप समजतात. पण उपवासकाळात आलेलुया हा स्तुतीचा घोष बंद असतो, आगमनकाळात तो गायला जातो. एवढं पुरे.

माणसं खरी अडखळतात ती दुसरीकडेच. नाताळात चर्च म्हणतं, "तो आला." आगमनकाळात म्हणतं, "ये." दोन्हींचं क्रियापद एकच, पण एकात घडलेल्याचा आनंद आहे आणि दुसऱ्यात अजून न घडलेल्यासाठीची विनवणी. १६ डिसेंबरपर्यंतची वाचनं मुख्यतः गव्हाणीतल्या बाळाबद्दल नसतातच. ती ख्रिस्त पुन्हा येईल त्या दिवसाबद्दल, अंधारात जागं राहण्याबद्दल असतात. बेथलेहेम जवळ येतं ते १७ पासून.

हा फरक कळला नाही की काय होतं ते आमच्या शेजारीच पाहिलं. ऑक्टोबरमध्ये मावशींचे यजमान गेले. आमच्याकडे वर्षभर दुखवटा पाळतात, घरात गोडधोड करत नाहीत, तारा लावत नाहीत. ते योग्यच आहे. पण मावशी म्हणाल्या, "यंदा आमच्याकडे काहीच नाही गं, मेणबत्त्यासुद्धा नाहीत." या मेणबत्त्या आगमनकाळाच्या: एका चक्रावर चार, दर रविवारी एकेक वाढवत लावायच्या. नाताळाबरोबर त्यांनी आगमनकाळही बंद केला होता. म्हणजे जो काळ ज्याचं कुणी नाहीसं झालंय त्याच्यासाठीच जणू बेतलेला आहे, तोच त्यांनी दाराबाहेर ठेवला.

आनंदाच्या घरी तो नसतो असं मी म्हणत नाही. ज्या घरी सून नवव्या महिन्यात आहे, दुपटी धुऊन घडी घालून ठेवलीत, रात्री फोन वाजला की सगळे उठून बसतात, त्या घराला आगमनकाळ समजावून सांगावा लागत नाही. वाट पाहणं दोन्ही घरांचं तेच.

आणि हा आनंद आणि ही व्यथा एकाच माणसात दाखवायची तर बाप्तिस्मा करणारा योहान पाहा. येशूची आई मरिया हिचा आवाज ऐकून आपल्या आईच्या, एलिझाबेथच्या, उदरात आनंदाने उडी मारणारं बाळ तोच. मोठेपणी हेरोद राजाच्या तुरुंगातून येशूला निरोप धाडणाराही तोच: जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? दोन्ही प्रसंग आगमनकाळातच वाचतात. तुरुंगातला हा प्रश्न तीन वर्षांतून एकदा आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी येतो, १४ डिसेंबर २०२५ ला आला होता. हा गुलाबी मेणबत्तीचा रविवार, ज्याचं लॅटिन नावच 'आनंद करा' असं आहे. आनंदाच्या रविवारी चर्च तुरुंगातल्या माणसाची शंका वाचून दाखवतं. त्या दिवशी फक्त गोड गोड प्रवचन ऐकलं की मला रिकामं रिकामं वाटतं.

येशूसंघाचे (जेझुइट) जर्मन धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प डिसेंबर १९४४ मध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते. हातात बेड्या होत्या. तशा हातांनी त्यांनी आगमनकाळावर चिंतन लिहिलं आणि ते गुपचूप बाहेर पोचलं. २ फेब्रुवारी १९४५ ला नाझींनी त्यांना फाशी दिलं. मेणबत्त्यांचं चक्रही सुखवस्तू दिवाणखान्यातून आलेलं नाही. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न या प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञांनी ते गाडीच्या चाकावर बसवलं, आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी.

म्हणून दुखवट्याच्या घरी डिसेंबरात फराळाचं ताट आणि "मेरी ख्रिसमस" घेऊन जाऊ नका. जायचंच तर रविवारी संध्याकाळी जा, काडेपेटी घेऊन. मी दुसऱ्या रविवारी तशीच गेले. मावशींनी आधी मान हलवली, मग माळ्यावरून जुनं चक्र काढून धूळ पुसली. पहिल्या रविवारची राहिलेली मेणबत्ती आधी लावली, मग दुसरी. स्तोत्र म्हणायला त्यांना जमलं नाही, मी म्हटलं. त्या नुसत्या बसून होत्या.

त्या वर्षी त्यांच्या ओटीवर तारा लागला नाही. चौथ्या रविवारी पहिली जांभळी मेणबत्ती मात्र बोटभरच उरली होती. मी फक्त रविवारी जात होते. ती इतकी जळली म्हणजे मधल्या दिवसांतही त्या एकट्या लावत असाव्यात.