असीरगड-बऱ्हाणपूर एक दिवसाची सहल : निघायच्या आधी एवढं वाचून घ्या

राम राम मंडळी. तुम्ही आमच्याकडे असीरगडचं बुकिंग केलंय किंवा करायचा विचार चालू आहे, म्हणून हे माहितीपत्रक. फोनवर सगळं सांगून होत नाही आणि गाडीत सांगायला लागलो की मागच्या सीटवरच्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे लिहूनच दिलेलं बरं. घरात जे जे येणार आहेत त्यांना पण वाचायला द्या, विशेषतः पोरांना.

पहिली गोष्ट, असीरगड आज मध्य प्रदेशात येतो म्हणून आपल्याकडचे बरेच लोक त्याला परका समजतात. लळिंग माहीत राहतो, पारोळ्याचा किल्ला माहीत राहतो, पण असीरगड म्हटलं की "ते तिकडे, एमपीत". अहो, दोनशे वर्षं खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांचा हा सगळ्यात भक्कम गड होता. त्यांची सुरुवात झाली तापीकाठच्या थाळनेरला, म्हणजे आपल्या शिरपूर तालुक्यात, आणि शेवट झाला 1601 साली इथं वर, असीरगडावर. बऱ्हाणपूर ही त्यांची राजधानी. तेव्हा हा आपल्याच घराचा जुना वाडा आहे असं समजून चला, आम्हाला त्यातच आनंद आहे.

कसं जायचं
जळगावहून पहाटे पाचला गाडी निघते, भुसावळवाल्यांना आम्ही रस्त्यात घेतो. सावदा-रावेरच्या रस्त्याने जातो, दोन्ही बाजूला केळीच केळी, आणि उजाडायच्या वेळेला त्या बागांमधून जो गारवा येतो त्यासाठी तरी खिडक्या उघड्या ठेवा. (मुक्ताईनगरवरून पुरनाड फाट्याने पण जाता येतं, येताना कोणाला मुक्ताईचं किंवा इच्छादेवीचं दर्शन घ्यायचं असेल तर आधी सांगा, मग तिकडून परत येऊ.) बऱ्हाणपूरला चहा-पोहे, आणि तिथून इंदूरच्या रस्त्याला साधारण 20 किलोमीटरवर असीरगड. बऱ्हाणपूर सुटलं की थोड्याच वेळात तो डोंगर दिसायला लागतो, वरून सपाट कापल्यासारखा आणि कडेने तटबंदी.

आधी गड आणि मग शहर, हा क्रम आम्ही बदलत नाही. उन्हामुळे. दुपारी बारानंतर वर सावली फार कमी राहते, आणि आपल्याकडचं ऊन कसं आहे ते तुम्हाला काय सांगायचं. मार्चच्या मध्यानंतर ही सहल आम्ही बंदच ठेवतो, कोणी कितीही आग्रह केला तरी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सातपुडा हिरवागार राहतो आणि वरच्या तलावांना पाणी राहतं, आमच्या मते तोच सगळ्यात चांगला काळ, फक्त पायऱ्या शेवाळलेल्या असू शकतात. डिसेंबर-जानेवारी चालायला मस्त.

चढायचं कसं, तर पायऱ्यांची वाट आहे पूर्वेकडून आणि दुसऱ्या बाजूने गाडीरस्ता आहे. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी पायऱ्यांनीच यावं. गाडीने वर गेलं की किल्ला एखाद्या बागेसारखा वाटतो, तो काय चीज आहे ते कळतच नाही. चालत गेलं की एक दरवाजा, मग वळण, मग वर भिंत, मग परत दरवाजा, आणि प्रत्येक वळणावर लक्षात येतं की वरून कोणी नुसते दगड टाकले असते तरी आपलं काही खरं नव्हतं. आजी-आजोबा, लहान लेकरं, बीपी-शुगरवाले यांच्यासाठी गाडीची सोय करतो, पण ते बुकिंग करतानाच सांगा, ऐनवेळी पायथ्याशी नको.

वर काय बघायचं
आता मुद्द्याचं. बहुतेक लोक वर येतात, महादेवाचं मंदिर बघतात, अश्वत्थाम्याची गोष्ट ऐकतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात खाली. आम्ही तीन तास ठेवलेत, आणि त्याचं कारण असं की ही नुसती लढायची जागा नव्हती, इथं वस्ती होती. डोंगरमाथ्यावर साधारण 60 एकराची जागा, सगळीकडून तटबंदी, आणि आत माणसं, जनावरं, सैनिक, मशीद, मंदिर, कोठारं, सगळा संसार. असीरगडच्या खाली कमरगड आणि मालीगड असे आणखी दोन कोट आहेत, म्हणजे शत्रूला एक घेऊन भागत नव्हतं.

आणि हा संसार चालत होता कशावर, तर पाण्यावर. आमची एकच विनंती आहे, वर गेल्यावर भिंती नंतर बघा, आधी पाणी बघा. माथ्यावर पडणारा पाऊस वाहून खाली जाऊ नये म्हणून उतार कसे धरलेत, पाणी कुठं आणून अडवलंय, तलावाच्या काठाला दगडी बांध कसा घातलाय, तलावात उतरायला पायऱ्या कुठं आहेत. एका तलावाच्या काठावर आम्ही सगळ्यांना दहा मिनिटं बसवतो. तिथं बसून नुसतं बघायचं की आजूबाजूची सगळी जमीन हळूहळू त्या खड्ड्याकडेच उतरते. आता विचार करा, इथं नदी नाही, झरा वाहत नाही, जे काही आहे ते चार महिन्यांच्या पावसाचं, आणि त्यावर पुढचे आठ महिने हजारो माणसं काढायची. आपल्याकडे शेततळं करणाऱ्याला हे लगेच समजतं, शहरातल्या पोरांना समजावून सांगावं लागतं.

गड पडला कसा, हे ऐकायला पोरांना फार आवडतं. गोष्ट अशी सांगतात की आधी हा आसा अहिर नावाच्या मोठ्या गवळी सरदाराचा होता, हजारो गुरं असलेला माणूस, आणि दुष्काळात त्याने आपली धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली होती. फारुकी नासिरखानाने त्याला निरोप पाठवला की शत्रू मागे लागलाय, माझ्या घरच्या बायकांना गडावर आसरा द्या. आसाने दिलदारपणे हो म्हटलं. डोल्या वर गेल्या आणि त्यातून निघाले हत्यारबंद शिपाई. फिरिश्ता या इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. आम्ही ही गोष्ट दरवाजात उभं राहूनच सांगतो.

नंतर 1600 साली खुद्द अकबर आला. बऱ्हाणपूर त्याला सहज मिळालं पण असीरगड काही मिळेना. महिने गेले. मालीगड पडला, तरी वरचा गड उभा. शेवटी फारुकी सुलतान बहादूरखान बोलणी करायला खाली आला त्याला तिथंच अडकवून ठेवलं, तरी वरच्यांनी दरवाजा उघडला नाही! गड हाती आला जानेवारी 1601 मध्ये. मुघलांच्या दरबारी इतिहासात कारण दिलंय की गडावर रोगराई पसरली, आणि अकबरासोबत आलेल्या जेसुइट पाद्र्यांच्या पत्रांवरून कळतं की आतल्या सरदारांना सोनं-चांदी वाटली. आम्हाला दोन्ही खरं वाटतं, एवढ्याशा जागेत एवढी माणसं महिनोन्महिने कोंडली तर आजार येणारच. बहादूरखानाला ग्वाल्हेरला कैदेत पाठवलं आणि खान्देशची सल्तनत संपली. फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर अकबराने या विजयाचा लेख कोरला, तिकडे कधी गेलात तर आठवणीने बघा, आपल्या खान्देशाची नोंद तिथं आहे.

पुढे मराठ्यांकडे आला, शिंद्यांच्या ताब्यात होता, आणि 1819 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी तोफा लावून घेतला. नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले होते ते याच गडाच्या आसऱ्याला आले होते. वर ज्या पडक्या बराकी दिसतात आणि गोऱ्यांची थडगी, ती त्यानंतरची. इंग्रजांशी लढलेले संबळपूरचे वीर सुरेंद्र साय यांना त्यांनी इथंच कैदेत ठेवलं आणि 1884 मध्ये इथंच त्यांचा अंत झाला. ओडिशातला एवढा मोठा माणूस आपल्या सातपुड्यात गेला, आणि आपल्याला नाव पण माहीत नसतं, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. म्हणून तिथं आम्ही सगळ्यांना थांबवून हात जोडायला सांगतो.

अश्वत्थाम्याचं. मंदिरात रोज पहाटे कोणीतरी ताजं फूल वाहून जातं, तो अश्वत्थामा, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आम्ही तिचा मान ठेवतो आणि तुम्ही पण ठेवा. पण "रात्री थांबू द्या, व्हिडिओ काढायचाय" असं म्हणणारे फोन येतात, त्यांना हात जोडून नाही सांगतो. कडे सरळ तुटलेले आहेत, अंधारात पाय कुठं पडेल सांगता येत नाही.

बऱ्हाणपुरात
दुपारी खाली उतरून जेवण. जेवण आम्ही सोबत नेतो, कळण्याच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, दही. ज्यांना तिखट चालत नाही त्यांनी आधी सांगा, भरीत वेगळं काढून ठेवतो. जेवण झालं की मावा जिलेबी खायला जायचंच, नेहमीच्या जिलेबीपेक्षा जाड आणि काळपट, गरम असताना खा. घरी न्यायला दराबा नावाची मिठाई घ्या, ती टिकते.

शहरात खूप आहे, शाही किल्ला आहे, मुमताजमहल 1631 मध्ये याच शहरात गेली, गुरुद्वारा बडी संगत आहे, पण एका दिवसात सगळं कोंबलं तर काहीच नीट होत नाही, त्यामुळे आम्ही दोनच ठिकाणं ठेवलीत.

एक जामा मशीद. नमाजाची वेळ सोडून जातो, डोकं झाकायला रुमाल-ओढणी जवळ ठेवा. आत भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच मशिदीत संस्कृत लेख पण आहे, देवनागरीत! सुरुवातच "श्री सृष्टिकर्त्रे नमः" अशी आहे, मग फारुकी राजांची वंशावळ, आणि मशीद बांधल्याची तारीख विक्रम संवत 1646, शके 1511 अशी आपल्या पंचांगाने दिलेली. राजा अलीखान फारुकीने तो लावून घेतला. अक्षरं दाट आहेत, लगेच वाचता येत नाहीत, पण पहिली ओळ सापडली की माणूस दोन मिनिटं बोलत नाही हे आम्ही कितीदा बघितलंय. हात लावू नका, फ्लॅश मारू नका.

दुसरं कुंडी भंडारा. मुघल सरदार अब्दुल रहीम खानखाना, हो, ते दोहेवालेच, त्यांच्या काळात 1615 च्या सुमाराला हे काम झालं. सातपुड्याच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत येतं ते जमिनीखालीच बोगद्यात धरायचं, वरून ओळीने विहिरी खणायच्या, आणि उताराने ते पाणी शहरापर्यंत आणायचं, ना मोट ना पंप. इराणी पद्धत आहे ही. लिफ्ट चालू असेल तर खाली उतरून बघायला मिळतं, भिंतीवर क्षारांचे पांढरे थर चढलेत आणि पायाखालून थंडगार पाणी वाहत राहतं. सकाळी गडावर पावसाचं पाणी अडवलेलं बघितलं आणि संध्याकाळी जमिनीखालचं पाणी शहरात आणलेलं बघितलं, की मग बऱ्हाणपूर का मोठं झालं ते वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून हीच जोडी ठेवलीय.

सोबत काय घ्यायचं
माणशी दोन लिटर पाणी, वर विकत मिळेल या भरवशावर राहू नका. बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल, चप्पल नको. टोपी किंवा उपरणं. सेंट-अत्तर लावून येऊ नका आणि वर बिडी-सिगारेट अजिबात पेटवायची नाही, जुन्या भिंतींना आग्या मोहोळ लागलेलं राहतं आणि एकदा ते उठलं की पळायला जागा नाही. खाण्याच्या पिशव्या बॅगेत ठेवा, माकडं हातातून ओढून नेतात.

गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. दगडावर नावं कोरणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी आम्ही करू दिलं नसतं. वेफर्सचं रिकामं पाकीट, पाण्याची बाटली सगळं परत गाडीत आलं पाहिजे, त्यासाठी एक गोणी आम्ही सोबत ठेवतो. तलावात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी.

बुकिंगचं
कमीत कमी आठ माणसं असतील तर गाडी निघते. नाव नक्की करायला अर्धे पैसे आधी, उरलेले निघायच्या दिवशी सकाळी. चार दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण पैसे परत, त्यानंतर गाडीचं भाडं कापून बाकीचे. जोराचा पाऊस असेल तर आम्ही स्वतः आदल्या रात्री फोन करून तारीख पुढे ढकलतो, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. शाळेच्या सहलीला वेगळा दर आहे, आणि मुलांसोबत येणाऱ्या दोन सरांचे किंवा मॅडमचे पैसे आम्ही घेत नाही. बुकिंग करताना प्रत्येकाचं वय, कोणाला काही त्रास असेल तर तो, आणि गाडीत कुठून बसणार ते सांगा. ओळखपत्राची झेरॉक्स सगळ्यांची लागेल.