डिशवॉशर हीटरच्या नावाने रडतोय? आधी पाणी बघा

रात्री भांडी लावून झोपलो आणि सकाळी दार उघडलं तर भांडी गार, तेलकटपणा तसाच, टॅबलेट अर्धी विरघळून कप्प्यात चिकटलेली आणि डिस्प्लेवर हीटिंगचा एरर. आदल्या आठवड्यात दोनदा नळाचं चिन्ह लुकलुकलं होतं, पण बंद-चालू केलं की जायचं, म्हणून मी ते विसरूनही गेलो होतो. मेकॅनिकला फोन लावला तर माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत निकाल आला, हीटर गेलाय, बदलावा लागेल. मीही शहाण्यासारखा नवीन हीटर मागवून मोकळा झालो. तो अजून खोक्यातच आहे कारण जुन्या हीटरला काही धाड भरलेली नव्हती.

डिशवॉशरला पाणी दिसत नाही, इथून सुरुवात केली की पुढचं सगळं नीट कळतं. आत धो-धो आवाज येतो म्हणून आपल्याला वाटतं केवढं पाणी असेल, पण एका वेळी तळाशी जेमतेम ३-४ लिटर पाणी असतं आणि पंप तेच पाणी गाळून गाळून परत वर फेकत राहतो, मग ते टाकून पुन्हा तेवढंच घेतो, असं करत अख्खी सायकल १०-१२ लिटरमध्ये उरकते. आता हे ३-४ लिटर आले की नाही हे मशीन कसं ठरवतं, तर पाणी येण्याच्या वाटेवर एक छोटंसं प्लॅस्टिकचं चक्र असतं, त्यात चुंबक बसवलेलं असतं, पाणी वाहिलं की चक्र फिरतं आणि शेजारचा सेन्सर फेरे मोजतो. इतके फेरे म्हणजे इतकं पाणी, एवढाच हिशोब. व्हॉल्व्ह उघडलाय पण फेरे येत नाहीत किंवा फारच रेंगाळत येतायत असं दिसलं की मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड नळाचं चिन्ह लावतो. काही मशीनवर चिन्हाऐवजी अक्षरं येतात, आय-ई म्हणजे पाणी येत नाही, ओ-ई म्हणजे जात नाही, एच-ई म्हणजे गरम होत नाही, पण ही बाराखडी प्रत्येक कंपनीची वेगळी, त्यामुळे आपल्या मॅन्युअलमध्ये बघितलेलं बरं.

आता हीटर. पूर्वी तळाशी जाडजूड वेटोळं दिसायचं, हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये ते दिसतच नाही, पंपालाच जोडलेल्या नळकांड्यात हीटर असतो आणि फिरणारं पाणी त्यातूनच जाता जाता तापतं. साधारण १८०० ते २००० वॅटची चीज आहे ही, पाण्याशिवाय चालू राहिली तर बघता बघता जळेल. म्हणून पंपाच्या दाबावर लक्ष ठेवणारा प्रेशर स्विच असतो, तो म्हणाला दाब नीट आहे तरच हीटरला करंट मिळतो. आता समजा पाणी ४ लिटरऐवजी अडीच लिटरच आलं, पंप मधूनमधून हवा ओढायला लागला, बुडबुड आवाज आला, दाब पडला, स्विचने हात वर केले. हीटरला करंटच गेला नाही. पंधरा-वीस मिनिटांनी तापमानाचा सेन्सर सांगतो की पाणी आहे तसंच गार आहे, आणि बोर्ड बिचारा त्याच्या परीने बरोबरच लिहितो, हीटिंग एरर. तक्रार हीटरची, दुखणं पाण्याचं. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं, आणि आधी लुकलुकणारं नळाचं चिन्ह तेच तर सांगत होतं.

गरम व्हायला किती वेळ लागायला हवा याचा साधा हिशोब करता येतो. ४ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर न्यायला साधारण ६७० किलोज्यूल लागतात, २००० वॅटचा हीटर ते काम साडेपाच मिनिटांत करेल. प्रत्यक्षात भांडी तापतात, स्टीलचा टब तापतो, दारातून थोडी उष्णता जाते, म्हणून १०-१५ मिनिटं धरा. बरीच मशीन तापमान गाठल्याशिवाय पुढे सरकत नाहीत, म्हणून डिस्प्लेवर एकाच आकड्यावर वेळ अडकून बसला असेल तर तेही हीटिंगचंच लक्षण समजा.

हीटरला करंट जातोय की नाही हे कळायला एक फुकटची युक्ती आहे, विजेच्या डिजिटल मीटरवरचा लाल लुकलुकणारा दिवा. घरातली बाकी मोठी उपकरणं बंद करा, डिशवॉशर गरम पाण्याच्या प्रोग्रामवर लावा आणि मीटरसमोर उभे राहा. नुसता पंप चालू असताना दिवा आळसावल्यासारखा मधूनच लुकलुकतो, हीटर लागला की एकदम झपझप. मी वीस मिनिटं उभा होतो, दिवा तीन वेळा झपझप झाला आणि तिन्ही वेळा काही सेकंदांत परत सुस्त. म्हणजे हीटर लागत होता आणि कोणीतरी त्याला बंद करत होतं! तिथेच ट्यूब पेटली.

मग नळ बंद केला, प्लग काढला आणि पाण्याचा पाईप मशीनच्या मागून सोडवला. व्हॉल्व्हच्या तोंडाशी नाण्याएवढी बारीक जाळी असते, पक्कडीने हलकेच ओढली की बाहेर येते. तिच्यावर बारीक रेतीचा थर होता आणि बरोब्बर मधोमध प्लंबरच्या पांढऱ्या टेफलॉन टेपचा नखाएवढा तुकडा, ओला होऊन झाकणासारखा बसलेला. नळ दुरुस्त करताना कधीतरी आत गेला असणार. पाण्याचा जोर असला की तो जरा उचलला जायचा, जोर कमी झाला की चिकटायचा, म्हणून एक दिवस ठीक आणि एक दिवस एरर. जुना टूथब्रश, दोन मिनिटं, संपलं.

जाळी स्वच्छ निघाली असती तर पुढची पायरी होती बादली. पाईपचं तोंड बादलीत धरून नळ पूर्ण उघडायचा आणि एक मिनिट मोजायचं, निदान ८-१० लिटर तरी यायला हवेत. बहुतेक मशीनना कमीत कमी ०.५ बार दाब लागतो, आणि पाण्याची टाकी नळापासून ५ मीटर उंच असेल तेव्हा कुठे तेवढा दाब मिळतो, त्यामुळे टाकी डोक्यावरच असलेल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर ही कटकट जास्त.

पाणी नीट येत असूनही कमी पडतं अशा दोन गमती आहेत. पहिली म्हणजे सायफन. ड्रेनचा पाईप जमिनीवर लोळत असेल किंवा त्याचं तोंड टबातल्या पाण्यापेक्षा खाली असेल तर इकडून पाणी भरतंय आणि तिकडून आपसूक निघून जातंय, मशीन भरत बसतं आणि शेवटी वैतागून एरर देतं. पाईप मध्ये उंच उचलून बांधला की विषय मिटतो. दुसरी गंमत फेसाची. टॅबलेट संपली म्हणून कोणी बेसिनवरचं भांडी घासायचं लिक्विड दोन थेंब घालतं, आणि आत फेसाचा डोंगर होतो. पंपाला पाणी ढकलता येतं, फेस नाही. दाब पडतो, हीटर बंद, वर तो फेस दाराच्या खालून झिरपून तळाच्या ट्रेमध्ये उतरतो.

या ट्रेचं प्रकरण वेगळं आहे. मशीनच्या अगदी खाली पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा ट्रे असतो, त्यात थर्माकोलचा एक फ्लोट. ट्रेमध्ये थोडं जरी पाणी साचलं तरी फ्लोट उचलला जातो, स्विच दबतो आणि मशीन बाकी सगळं सोडून फक्त पाणी बाहेर फेकत बसतं, कितीही बटणं दाबा, पंपाची घरघर थांबत नाही. प्लग काढून मशीन अलगद तिरकं करून ट्रे रिकामा केला की ते परत शहाण्यासारखं वागतं, पण पाणी आलं कुठून हे शोधलं नाही तर चार दिवसांनी पुन्हा तेच.

आता खरोखर हीटरच गेला असेल तर? जातो की, का नाही जाणार. प्लग काढून, हीटरच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावायचा. २३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे सुमारे २६ ओहम, १८०० वॅट म्हणजे २९ ओहम, या आसपास आकडा आला तर हीटर ठणठणीत. काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली. आणि दर वेळी पाणी तापायच्या वेळेलाच घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ट्रिप होत असेल तर हीटरच्या नळीला चीर जाऊन आत पाणी शिरलंय असा दाट संशय घ्या, तिथे ट्रायल म्हणून पुन्हा पुन्हा चालू करायच्या भानगडीत पडू नका. हीटर ठीक, पाणी ठीक, तरी गार? मग तापमानाचा सेन्सर बघा, गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी व्हायला हवा, कोमट पाण्यात बुडवून आकडा खाली येत नसेल तर तो गेला. सगळ्यात शेवटी बोर्डवरचा हीटरचा रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा स्विच, याच्या पायांतून ८-९ अँपियर वर्षानुवर्षं जातात, सोल्डर तापून तापून तडकतं आणि भोवती तपकिरी कडं दिसतं. मात्र बोर्ड उघडायचा हात नसेल तर हे माहीतगारावर सोडा.

क्षारांचं सांगायचं राहिलं, कारण हीटर मरतो तो बहुतेक वेळा यांच्यामुळेच. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा क्षार उलट्या डोक्याचा. जड पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर जिथे सगळ्यात जास्त गरम असेल तिथेच, म्हणजे हीटरवर बसतो. हा थर उष्णता अडवतो, पाणी उशिरा तापतं आणि हीटर स्वतः मात्र नको तेवढा तापतो. यासाठीच मशीनमध्ये सॉल्ट घालतात. आत रेझिनचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून बदल्यात सोडियम देतात, मणी भरले की मिठाचं पाणी फिरवून ते पुन्हा ताजे केले जातात. जेवणातलं मीठ चालत नाही का, तर नाही, त्यात गुठळी होऊ नये म्हणून घातलेले पदार्थ असतात, ते आत अडकून बसतात. सॉल्ट भरूनही सॉल्ट संपल्याचा दिवा जात नाही म्हणून घाबरू नका, कप्प्यातला फ्लोट खारट पाणी पुरेसं दाट झालं की मगच वर येतो, एखाद-दोन सायकल जाव्या लागतात. पाणी किती जड आहे ते सेटिंग मात्र एकदा तपासाच, बरेच जण पहिल्या दिवसापासून कंपनीने दिलेल्यावरच चालवतात.

बाकी गरम पाण्याचं हे भांडण पहिल्यापासूनचं. जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी १८८६ साली पाण्याच्या जोरावर भांडी धुणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं, तेव्हा घरातल्या बॉयलरना एवढं गरम पाणी पुरवणंच जमायचं नाही, त्यामुळे सुरुवातीचं गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलं. हीटर मशीनच्या पोटात आला तो पुढे, आणि त्याच्यावर पहारा ठेवायला हे सगळे स्विच आणि सेन्सर आले. माझ्या मशीनमध्ये त्यातला एकही बिघडलेला नव्हता, सगळे आपापलं काम चोख करत होते, जाळीवरच्या त्या टेपच्या तुकड्यासकट.