नाइटांची भालेझुंज आणि मेजवानी

नाइटांची भालेझुंज आणि मेजवानी : मध्ययुगीन युरोपातील चिलखतधारी घोडेस्वारांच्या लढाऊ स्पर्धा व त्यांना जोडून होणारे दरबारी जेवण. आज युरोप-अमेरिकेत हा मुलाबाळांना घेऊन दिवसभर पाहण्याचा सोहळा झाला आहे. किल्ल्याच्या आवारात तंबू, लोहाराची भट्टी, शिकारी ससाण्यांचे खेळ, दुपारी रिंगणातली झुंज आणि शेवटी जेवण, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो.

मराठी वाचकाला नाइट समजायला शिलेदार हा शब्द बराच उपयोगी पडतो. स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरी करणारा तो शिलेदार. नाइटही तसाच, पण त्याला विधिपूर्वक बहाल केलेला सामाजिक दर्जा असे आणि बहुधा त्या बदल्यात जमीनही. घोडा व चिलखत हीच त्याची मोठी मत्ता. स्पर्धेत पणाला लागे ती हीच.

आरंभीच्या, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकांतील स्पर्धेला रिंगणच नव्हते. उत्तर फ्रान्समध्ये दोन गावांमधला मोकळा मुलूख ठरवून घेत आणि नाइटांच्या दोन टोळ्या एकमेकींवर तुटून पडत. शेते, मळे, ओढे सगळे त्यात तुडवले जाई. मारण्यापेक्षा पकडण्यावर भर असे, कारण पकडलेल्या नाइटाकडून खंडणी मिळे आणि त्याचा घोडा व चिलखतही हाती येई. विल्यम मार्शल (सु. ११४६–१२१९) हा जहागिरीचा वारसा नसलेला धाकटा मुलगा याच मार्गाने वर आला. एका साथीदाराबरोबर दहा महिन्यांत १०३ नाइट पकडल्याचे त्याच्या चरित्रकाव्यात नमूद आहे. पुढे तो अल्पवयीन राजा तिसरा हेन्री याच्या वतीने इंग्लंडचा कारभार पाहू लागला.

माणसे मरत, म्हणून चर्चने ११३० मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ येथील धर्मसभेत या स्पर्धांवर बंदी घातली आणि त्यात मेलेल्यांना ख्रिस्ती दफन नाकारले. बंदी फारशी कोणी पाळली नाही आणि १३१६ मध्ये ती उठली. इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डने ११९४ मध्ये वेगळा मार्ग काढला. त्याने पाच जागा नेमून दिल्या आणि दर्जाप्रमाणे शुल्क लावले. त्यामुळे धोका आटोक्यात आला आणि खजिन्यातही भर पडली.

टोळीयुद्धाच्या जोडीने एकास एक अशी झुंज, म्हणजे ‘जाउस्ट’, पुढे आली, आणि आज लोक पाहायला जातात ती हीच. दोन स्वार समोरासमोरून भरधाव येतात आणि भाल्याने एकमेकांच्या ढालीवर किंवा छातीवर नेम धरतात. घोडे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून पंधराव्या शतकात मध्ये आडवा अडसर आला, आधी कापडाचा, मग लाकडी. स्वार अडसर डाव्या हाताला ठेवून दौडतो, म्हणून उजव्या हातातला भाला घोड्याच्या मानेवरून तिरपा डावीकडे धरावा लागतो. ही तिरकस धाटणी लक्षात आली की सगळा खेळ उलगडतो. जड भाला, उडता घोडा आणि डोळ्यांपुढे जेमतेम एक फट. खास या खेळासाठी घडवलेल्या बेडूकतोंडी शिरस्त्राणात तर पुढे वाकल्याशिवाय दिसतच नसे. नेम धरेपर्यंत वाकायचे आणि टक्कर होण्याच्या क्षणी मान वर करायची, म्हणजे भाल्याची कपची डोळ्यांत जात नाही. गुण मोजले जात ते मुख्यतः मोडलेल्या भाल्यांवरून.

एवढे करूनही धोका संपला नव्हता. ३० जून १५५९ रोजी पॅरिसमध्ये लग्नसोहळ्यानिमित्त झालेल्या झुंजीत फ्रान्सचा राजा दुसरा आंरी याच्या शिरस्त्राणाच्या फटीतून मोडक्या भाल्याची कपची आत घुसली. दहा दिवसांनी तो वारला. त्यानंतर फ्रान्समध्ये हा खेळ ओसरत गेला.

मराठी घोडदळातही याच्या जवळचा सराव होता. त्यासाठी वापरायच्या बोथट टोकाच्या भाल्याला बोथाटी म्हणत. दोन्हींचा उगम वेगळा आणि बैठकही वेगळी. नाइट उंच खोगिरात जखडल्यासारखा बसून सरळ धडक देई, तर मराठा स्वाराची भिस्त घोडा वळवण्यावर आणि हुलकावणीवर असे. पण खऱ्या पात्याऐवजी बोथट टोक लावून माणूस वाचवायचा आणि कसब टिकवायचे, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे. जाउस्टमध्ये त्यासाठी भाल्याला मुकुटासारखे तीन-चार बोथट दातांचे टोक बसवत. आजच्या प्रयोगांत भाल्याचा पुढचा भाग बाल्सा या हलक्या, ठिसूळ लाकडाचा असतो. तो ढालीवर फुटून चिंधड्या उडतात तेव्हा मुले ओरडतात, आणि स्वार सहसा सुखरूप राहतो.

सहकुटुंब पाहायचा आधुनिक सोहळा म्हटले की १८३९ सालची एग्लिंटन स्पर्धा आठवते. स्कॉटलंडमधील एअरशर येथे एका तरुण अर्लने (ब्रिटिश सरदाराने) मध्ययुगीन थाटाची स्पर्धा भरवली. आगगाडीने, बोटीने, पायी असे प्रचंड लोक लोटले आणि पहिल्याच दिवशी मुसळधार पाऊस कोसळला. मैदानाचा चिखल झाला, मेजवानीच्या मांडवात पाणी शिरले. तरीही मध्ययुगाची ओढ तिथून ओसरली नाही, वाढलीच. आता इंग्लंडमध्ये लीड्स येथील रॉयल आर्मरीज संग्रहालय आणि केनिलवर्थसारखे किल्ले, जर्मनीत बव्हेरियातील काल्टेनबर्ग येथे अशा झुंजी होतात. क्रोएशियातील सिन्य गावचा अल्का हा चुलतभावासारखा खेळ. त्यात भरधाव घोड्यावरून टांगलेली कडी भाल्याने टिपतात, आणि १७१५ मध्ये ऑटोमन सैन्यावर मिळवलेल्या विजयाची ती आठवण आहे.

अमेरिकेत मात्र झुंज आणि जेवण एकाच छताखाली आले. स्पेनमध्ये सुरू झालेल्या ‘मेडिएव्हल टाइम्स’ या कंपनीने १९८३ मध्ये फ्लोरिडातील किसिमी येथे पहिला अमेरिकी ‘किल्ला’ उघडला. न्यू जर्सीतील लिंडहर्स्ट आणि कॅनडातील टोरांटो येथेही तो आहे, म्हणजे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या भागांत. प्रेक्षक रंगांप्रमाणे विभागून बसतात, प्रत्येक विभागाचा एक नाइट आणि त्याच्या नावाने आरडाओरडा. मुलांना कागदी मुकुट मिळतो. नाइट आपल्या विभागाकडे फुले फेकतो. झुंज आधी बसवलेली असते, पण घोडे खरे असतात. मुलांचे लक्ष तलवारींकडे जाणारच. मोठ्यांनी त्याआधीची घोड्यांची कवायत सोडू नये. अंदालुसियन या स्पॅनिश जातीचा घोडा लगामाच्या पुसटशा इशाऱ्यावर आडवा चालतो, जागच्या जागी पावले उचलतो, मागच्या पायांवर उभा राहतो. शिकवायला वर्षे लागतात असे हे कसब आहे, आणि त्या संध्याकाळचा सगळ्यात अस्सल भाग हाच आहे.

ताटातले मात्र मध्ययुगाशी जुळत नाही. भाजलेली कोंबडी आणि पाव ठीक, पण टोमॅटोचे सूप, मक्याचे कणीस आणि बटाटा ही पिके अमेरिका खंडातली. ती १४९२ नंतर युरोपात पोचली, मिरचीसह आपल्याकडेही त्यानंतरच आली. खऱ्या मेजवानीत यांतले काही नव्हते. तिथे मिरी, आले, दालचिनी यांची रेलचेल असे, आणि त्यांतली मिरी मलबारहून अरबी समुद्र, अलेक्झांड्रिया, व्हेनिस असा प्रवास करून आलेली असे. म्हणून मसालेदार ताट हे ऐश्वर्याचे लक्षण. हरणाच्या मांसाबरोबर दुधात शिजवलेले कांडलेले गहू वाढत, आपल्या गव्हाच्या खिरीचे दूरचे भावंडच. कोंबडी, तांदूळ आणि बदामाचे दूध एकत्र शिजवलेला पांढरा पदार्थही मानाचा होता. उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य, तेव्हा मासळीवर सगळी मेजवानी उभी राही.

जेवणाची रीत आपल्या घरातल्या मुलाला सांगावी लागू नये अशी. जेवणाआधी हातांवर पाणी घेत आणि बोटांनी जेवत. सुरी आपापली, काटा मेजावर नव्हता. शेजारी बसलेले दोघे अनेकदा एकाच भांड्यातून घेत. ताटाऐवजी शिळ्या, घट्ट पावाची जाड चकती असे. तिच्यात रस्सा मुरे, आणि जेवण उरकले की त्या भिजलेल्या चकत्या गोळा करून किल्ल्याच्या दाराशी थांबलेल्या गोरगरिबांना वाटत.