पहिला सैनिक अर्धा असतानाच दाखवायला आणा

मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या खेळातले छोटे सैनिक, रंगवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, लालबाग, मुंबई

दुकानात जवळजवळ दर शनिवारी हे घडतं. कुणीतरी काउंटरवर डबा उघडतं. आत दहा सैनिक ओळीने उभे असतात. रंग झालेला, वॉर्निश मारलेलं, पायाखाली वाळूसुद्धा चिकटवलेली. मग प्रश्न येतो, "कसे झालेत? काय सुधारू?" महिनाभराच्या रात्री त्यात गेल्या आहेत हे आम्हाला दिसत असतं. पण खरं उत्तर द्यायचं तर बरेचदा दहाही सैनिक धुवून पुन्हा सुरुवात करावी लागेल असं सांगावं लागतं. ते ऐकणाऱ्यालाही जड जातं आणि सांगणाऱ्यालाही.

म्हणून एकच विनंती आहे. नवी तुकडी हातात घेतलीत की तिच्यातला एक सैनिक निवडा. त्याचे मूळ रंग भरा, एक वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग) द्या आणि तसाच अर्धा आमच्याकडे आणा. वॉर्निश मारू नका. उरलेले नऊ प्राइम करून, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर देऊन, डब्यात ठेवा.

एक चूक दहा वेळा

पिवळ्या चिलखताचं उदाहरण देतो, कारण यात सर्वांत जास्त वेळ वाया जातो. वॉरहॅमर ४०,००० हा टेबलावरचा युद्धखेळ खेळणाऱ्या कित्येकांना जेजुरीच्या भंडाऱ्यासारखी पिवळीधमक फौज हवी असते. हौस चांगलीच आहे. पण पिवळ्या रंगाची झाकण्याची ताकद मुळातच कमी. काळ्या प्राइमरवर तो थेट लावला की हिरवट, मळका दिसतो. म्हणून माणूस आणखी एक थर देतो, मग आणखी एक. असे पाच-सहा जाड थर बसले की पिवळा दिसायला लागतो खरा, पण तोवर खांद्यावरचं उठावाचं चिन्ह बुजलेलं असतं, हेल्मेटच्या जाळीच्या फटी भरलेल्या असतात आणि छातीवरचे रिव्हेट सपाट झालेले असतात. जेमतेम दीड इंचाच्या सैनिकावर हे बारकावेच तर रंगवायचे असतात.

असा पहिला सैनिक अर्धा असताना समोर आला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. काळ्यावर आधी फिकट तपकिरी किंवा गुलाबी थर द्यायचा आणि त्यावर पिवळ्याचे दोन-तीन पातळ थर. एवढंच. दहा झाल्यावर तेच सांगणं म्हणजे दहा सैनिक धुणं.

धुवायची वेळ आलीच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. लॅमिंग्टन रोडवर सर्किट साफ करायला जे मिळतं तेच. झाकणाच्या बरणीत प्लास्टिकचे सैनिक बुडवून काही तास ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. खिडकी उघडी हवी, जवळपास गॅस किंवा निरांजन नको. वॉर्निश मारलेलं असेल तर वेळ आणि मेहनत दोन्ही वाढतात. आधी वॉर्निश नको म्हणतो ते यासाठी. सैनिक रेझिनचा असेल तर आधी तळाशी थेंबभर लावून बघा, काही रेझिन मऊ पडतात. आणि नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर कधीही वापरू नका. त्यांतल्या ॲसिटोनमध्ये पॉलिस्टायरीन, म्हणजे या सैनिकांचं प्लास्टिक, विरघळतं. एका मुलाने आणलेल्या वाटीत पाच सैनिकांचा एकच गोळा झाला होता. त्यावर आम्हाला काहीच करता आलं नाही.

ही पद्धत कुठून आली

शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत मी इथल्याच एका गणपतीच्या कारखान्यात ब्रश धुवायला जायचो. मूर्तीला पांढरा हात दिला की कारखान्यातले काका ती उजेडात फिरवून बघायचे. कुठे खड्डा राहिलाय, कुठे पॉलिशपेपर मारायचा, ते तेव्हाच सांगायचे. अंगाचा रंग त्यानंतर. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी, आणि तीही सर्वांत अनुभवी हाताकडे. पूर्ण झालेल्या मूर्तीत खोट काढत बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही, कारण बघायचं ते आधीच बघून झालेलं असायचं. मूर्ती फुटाची असो नाहीतर इंचाची, नजर टाकायची वेळ तीच.

विचारायचं काय

"छान झालाय का?" याला उत्तर नाही. छान म्हटलं तर तुम्हाला काही मिळत नाही, नाही म्हटलं तर वाईट वाटतं. त्याऐवजी तुम्हाला जिथे शंका आहे तिथे बोट ठेवा. चिलखताच्या कडेवरची हायलाइटची (उजळ रंगाची) रेघ जाड वाटते का? तीन फुटांवरून चेहरा ओळखू येतो का? वॉश सपाट जागेवर साचून डाग पडलेत, ते कसे टाळू? हेल्मेटच्या डोळ्याची लाल काच काचेसारखी का दिसत नाही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो, कारण तो रोज येतो. काच वरच्या कोपऱ्यात गडद ठेवा, खाली उतरत उजळ करा आणि पांढरा ठिपका उजळ भागात न देता वरच्या गडद भागात द्या. ठिपका खाली गेला की काच रंगवलेली टिकली वाटते.

तुम्हाला सैनिक कसा हवा आहे हेही सांगा. धुळीने माखलेला, युद्धातून आलेला, की परेडला उभा केल्यासारखा स्वच्छ? ते माहीत नसताना दिलेला सल्ला आमच्या आवडीचा होतो, तुमच्या कामाचा होत नाही. दोन मित्रांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या म्हणून गोंधळून आलेले ग्राहक बरेच भेटतात. बहुतेक वेळा दोघांचंही बरोबर असतं, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगळा सैनिक असतो.

आम्ही एका बैठकीत दोनच गोष्टी सांगतो. "एवढंच? अजून सांगा ना," असं लोक म्हणतात. दिसतं आम्हाला अजूनही पुष्कळ. पण सात सूचना घेऊन गेलेला माणूस पुढच्या वेळी एकही अमलात न आणता येतो आणि दोन घेऊन गेलेला दोन्ही करून येतो, हे इतकी वर्षं काउंटरमागे उभं राहून कळलंय. तुमच्या सैनिकावर आम्ही ब्रशही फिरवत नाही. सरावासाठी ठेवलेल्या तुकड्यावर करून दाखवतो आणि लगेच तुमच्याकडून करून घेतो. यात आमचा वेळ जास्त जातो. पण आम्ही दुरुस्त करून दिलेल्या सैनिकावरून तुमचा हात सुधारत नाही.

फोटो पाठवणार असाल तर

विरार-कर्जतहून दर वेळी येणं शक्य नाही, मान्य आहे. फोटो जरूर पाठवा. फक्त घरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढू नका. त्या उजेडात निळा करडा दिसतो आणि पांढरा मलईसारखा, मग आम्ही नसलेली चूक दुरुस्त करायला सांगतो. दिवसा खिडकीपाशी काढा, नाहीतर दोन पांढऱ्या एलईडी दोन बाजूंना ठेवा. मागे करडा कागद धरा. मागे पांढराशुभ्र कागद असला की फोन सैनिकाला काळवंडून टाकतो, काळा असला की कडा पांढऱ्याफटक पडतात. फोन अगदी नाकाला लावू नका, फूटभर मागे घेऊन थोडा झूम करा. पुढून एक, मागून एक आणि शंका असलेल्या जागेचा एक, एवढे तीन फोटो पुरतात. फिल्टर नको. उत्तर एक-दोन दिवसांत येतं. रात्री अकराला फोनच्या पडद्यावर बघून घाईने दिलेल्या मताचा भरवसा आम्हाला स्वतःलाच वाटत नाही, म्हणून सकाळच्या उजेडात बसून लिहितो.

पावसाळ्याबद्दल थोडं

जून ते सप्टेंबर गॅलरीत स्प्रे मारू नका. दमट हवेत प्राइमर खरखरीत बसतो आणि मॅट वॉर्निशवर पांढरी साय धरते. साय धरलीच तर ब्रशने ग्लॉस वॉर्निशचा पातळ हात द्या, पुष्कळदा उतरते. या चार महिन्यांत ब्रशने लावायचा प्राइमर बरा. किंवा सैनिक आमच्याकडे द्या, आतल्या खोलीत हवा कोरडी करून आम्ही तुकडीच्या तुकडी प्राइम करून देतो. २०१९ मध्ये आलेल्या सिटाडेल कंपनीच्या कॉन्ट्रास्ट रंगांसाठी (एकाच थरात रंग आणि सावली देणारे) फिकट प्राइमर हवा असतो, तसं असेल तर देतानाच सांगा.

उन्हाळ्यात त्रास उलटा. पंख्याखाली रंग पॅलेटवरच सुकतो आणि लोक तो तसाच घट्ट लावतात. जेवणाचा चपटा डबा घ्या, तळाशी ओला स्पंज आणि वर बेकिंगचा कागद ठेवा. मेणाचा कागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. झाकण लावलं तर रंग दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो. पाणी मात्र बदलत राहा, नाहीतर बुरशीचा वास येतो. असंच तयार ओलं पॅलेट (वेट पॅलेट) आमच्याकडे मिळतं, पण सुरुवातीला डब्याचंच वापरून बघा. रोजची सवय लागली की मग घ्या.

कधी, कसं यायचं

पहिल्या सैनिकाची तपासणी फुकट आहे, रंग आमच्याकडून घेतलेले असोत वा नसोत. मंगळवार ते शुक्रवार दुपारी चार ते सात या वेळेत निवांत बसता येतं. शनिवारी खेळाची टेबलं लागतात, तेव्हा धड बघणं होत नाही. वापरलेल्या रंगांची नावं कागदावर लिहून आणा आणि तुमचा ब्रशही आणा. निम्म्या वेळा दोष हातात नसून फुटलेल्या टोकात असतो, आणि तो ब्रश कोमट पाण्यात साबणाने धुतला की पुन्हा चालायला लागतो. नाहीच चालला तर नवा दाखवू.

लोकलने येणार असाल तर सैनिक खिशात किंवा पिशवीत सुटा आणू नका. बंदुकीची नळी आणि पाठीवरची अँटेना हमखास तुटते. स्टीलचा डबा घ्या, सैनिकाच्या बेसखाली लोहचुंबक चिकटवा आणि आत उभा करा. डब्याला चुंबक चिकटतो ना, ते आधी बघून घ्या, सगळ्या स्टीलला चिकटत नाही. चुंबकाच्या चकत्या काउंटरवर सुट्या मिळतात.